उरुळी, इगतपुरी की जवळचा योगवर्ग?

पन्नाशीच्या आसपास साखर काठावर येते, रक्तदाबाची एखादी गोळी सुरू होते, झोप तुकड्यातुकड्यांत लागते आणि मान कायमची आखडलेली. डॉक्टर म्हणतात, ‘जीवनशैली बदला.’ मग घरात चर्चा: उरुळीकांचनला जाऊन यावं, इगतपुरीला विपश्यनेला बसावं, की जवळच्या योगवर्गात नाव घालावं? तिन्ही नावं एका दमात घेतली जातात खरी, पण तिथे तुमच्या वाट्याला येणारं काम अगदी निराळं आहे. म्हणून आजार कोणता याच्याइतकंच, आपण स्वतः काय करायला तयार आहोत हेही आधी पाहावं.

उरुळीकांचन पुण्याहून सोलापूर रस्त्याने तीसेक किलोमीटरवर. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आठवडाभर राहिले, गावकऱ्यांवर उपचार केले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. पुढे तो मणिभाई देसाईंनी वाढवला. माती, पाणी, ऊन आणि साधा आहार एवढ्यावर गरीब खेडुतालाही बरं होता यावं, ही मूळ कल्पना. उपचारकाने रुग्णाला औषध विकायचं नाही, घरी कसं राहायचं ते शिकवायचं, असं गांधीजींचं म्हणणं होतं.

आज निसर्गोपचाराला जाणाऱ्याचा दिवस मातीपट्टी, कटिस्नान, वाफ, मालीश, एनिमा आणि मोजकं जेवण यांत जातो. ताटात मीठ-तेल नावापुरतं. यातलं बरंचसं दुसरे तुमच्यावर करतात, तुम्ही फक्त आडवे व्हायचं. थकून गेलेल्या माणसाला हे मोठं सुख आहे आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. वजन थोडं उतरतं, पोट हलकं होतं, खरी भूक म्हणजे काय तेही कळतं. न तळलेलं, न फोडणी दिलेलं अन्न मन लावून खाल्लं की भाजीला स्वतःची चव असते हे जिभेला उमगतं, आणि ही काही लहान गोष्ट नाही.

खरी परीक्षा घरी आल्यावर. आपल्याकडे बहुतेक घरांत काय होतं? साहेब उकडलेल्या भाज्यांचा तक्ता घेऊन परततात आणि तो अमलात आणण्याचं काम बायकोच्या गळ्यात पडतं. दोन वेळा दोन स्वयंपाक. याला स्वतःचा सहभाग म्हणत नाहीत. स्वतःची भाजी स्वतः चिरून उकडायची तयारी असेल तर उरुळीचा पैसा वसूल होतो. नसेल तर ती चांगली सुट्टी होईल, इतकंच.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात नेमकं उलटं. तिथे कोणी तुम्हाला हात लावत नाही. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहाएक तास ध्यान आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे बोलणं तर नाहीच, खाणाखुणाही नाहीत. फोन जमा, वाचन-लेखन बंद, जप-पूजा बंद, योगासनंही बंद. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. मग डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावरची संवेदना तपासत जायचं, आणि गुडघा ठणकला तरी प्रतिक्रिया न देता तो ठणका पाहायचा. चौथ्या दिवसापासून काही बैठकी तासभर हालचाल न करता असतात. तोवर आपली चिडचिड शरीरात कुठे सुरू होते हे अनेकांनी कधी पाहिलेलंच नसतं.

ही शिबिरं ज्यांच्या पद्धतीने चालतात ते विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका स्वतः या वाटेवर आले ते मायग्रेनमुळे. त्यांचे ब्रह्मदेशातले गुरू ऊ बा खिन यांनी आधी त्यांना परत पाठवलं होतं: डोकेदुखी बरी करायला ही साधना नाही, मन निर्मळ करायचं असेल तर या. इगतपुरीचा अर्ज भरण्याआधी हा किस्सा आठवावा. साखर उतरावी म्हणून जाणारा तिथे चुकीच्या रांगेत उभा आहे. राग, धास्ती, रात्रभर डोक्यात चालणारी भांडणं यांसाठी जाणारा योग्य रांगेत. मात्र नैराश्य, भ्रम, आत्महत्येचे विचार असा इतिहास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये. अर्जात आजार आणि गोळ्या विचारतात, तिथे काही लपवू नये.

राहण्या-जेवणाची फी नाही. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. त्यामुळे ‘फुकट आहे, जाऊन तर पाहू’ असं वाटतं. पण खरी किंमत नंतर मोजायची असते: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, रोज. डोंबिवलीच्या वन बीएचकेत, टीव्ही चालू असताना, हा तास कुठून काढणार, ते आधी ठरवा.

तिसरा पर्याय दिसायला सर्वांत फिका, आणि माझा कल त्याच्याकडे. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षयाने पोखरलेले होते. १९३७ साली ते पुण्यात डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पद्धतीच्या वर्गात पट्टा, विटा, दोर, खुर्ची, लोड असं सामान असतं, म्हणजे आखडलेल्या माणसालाही आसन जमवता येतं. पहिले कित्येक आठवडे ताडासन-त्रिकोणासनात जातात. पावलाची बाहेरची कड दाबा, गुडघ्याची वाटी वर ओढा, आता उजवा खांदा कुठे गेला पाहा! शिक्षक चूक दाखवतात, पण ती आतून जाणवायला तुम्हालाच शिकावं लागतं. हळूहळू खुर्चीत बसल्या बसल्या मान पुढे गेलेली तुमची तुम्हाला कळते. प्रगती कंटाळवाणी असते, शेजाऱ्यांना सांगण्यासारखं काही घडत नाही. पण नोकरी, घर, लग्नसराई सांभाळून वर्षभर टिकणारं हेच आहे. फक्त वर्ग नीट निवडा. साठ जणांना माइकवरून सूर्यनमस्कार घालायला लावणाऱ्या ठिकाणी मणक्याचं दुखणं घेऊन जाऊ नका.

तेव्हा मान-पाठ आणि एकूण ढिलाई असेल तर योगवर्ग. वजन, साखर आणि जिभेवरचा ताबा हा प्रश्न असेल, आणि स्वयंपाकघरात स्वतः उभं राहणार असाल, तर उरुळी. मनाचाच त्रास असेल, प्रकृती एरवी ठीक असेल आणि दहा दिवसांची रजा खरोखर मिळत असेल तर इगतपुरी. तिन्ही एकाच वर्षात उरकू नका. काय लागू पडलं ते कळणार नाही.

गोळ्यांचं मात्र कुठेही जाताना आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपवास किंवा रसाहार केला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. हृदयाचा त्रास असेल तर वाफेच्या पेटीत बसण्याआधी विचारा. निघताना डोसांचा कागद सोबत ठेवा आणि बरं वाटलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.