फायफॉक्स ॲप: नववीच्या गतीच्या धड्याला कितपत उपयोगी?

फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं ॲप. २०१६ पासून अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर फुकट मिळतं. जाहिराती नाहीत, मूळ कोडही खुला आहे. फोनमधले सेन्सर जे मोजतात ते आकड्यांत आणि आलेखात समोर मांडायचं, हे त्याचं काम. चाल, वेग, त्वरण शिकवायला ते घ्यावं का? घ्यावं, पण मेनूतल्या क्रमाने जाऊ नये. गतीच्या प्रयोगांना फोनचा सर्वांत भरवशाचा सेन्सर म्हणजे त्याचा माइक. आणि सगळे आधी ज्याच्याकडे धावतात तो त्वरणमापक, नवख्याला हमखास फसवणारा.

म्हणून सुरुवात ‘ॲकूस्टिक स्टॉपवॉच’पासून करावी. पहिल्या आवाजाला घड्याळ सुरू, दुसऱ्याला बंद. सव्वा मीटरवरून वस्तू पडायला ०.५०५ सेकंद लागतात. बोटाने दाबायच्या घड्याळात नुसती दाबण्याची चूकच ०.१ ते ०.२ सेकंद होते, मग गुरुत्वत्वरण काय डोंबल निघणार? इथे वेळ मिलिसेकंदापर्यंत मिळते.

मांडणी साधी आहे. टेबलावर स्टूल, स्टुलाच्या कडेबाहेर पाच-सहा सेंटिमीटर आलेली स्टीलची पट्टी, तिच्या टोकावर एक जाड नट. पट्टीचं आतलं टोक बोटाने दाबून धरायचं आणि बाहेरच्या टोकाला पेनाने आडवी टिचकी मारायची. पट्टी फिरून बाजूला होते, नट सरळ खाली ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर आपटतो. टिचकीचा टक आणि ताटलीचा ठण्ण, या दोहोंमधली वेळ म्हणजे पडण्याची वेळ. उंची नटाच्या खालच्या बाजूपासून ताटलीपर्यंत मोजायची, जमिनीपर्यंत नव्हे. सव्वा मीटरमध्ये एक सेंटिमीटर चुकला तरी उत्तरात ०.०८ चा फरक पडतो. मग उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, की गुरुत्वत्वरण मिळालं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पट्टी झणझणत राहिली तर तिचाच आवाज घड्याळ बंद करतो आणि स्क्रीनवर ०.१-०.१५ असलं काहीतरी येतं. उपाय: ‘मिनिमम डिले’ ०.३ सेकंद करणे, म्हणजे तेवढा वेळ ॲप कान बंद ठेवतं. पंखा चालू असेल किंवा वर्गात कुजबुज असेल तर घड्याळ आपोआप सुरू होतं; तेव्हा ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे किती मोठा आवाज झाला की घड्याळाने दखल घ्यायची ती मर्यादा, थोडा थोडा वाढवत न्यायचा, पण इतका नाही की टिचकीच ऐकू येणार नाही. तिसरी चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: फोन कुठे ठेवला. आवाजाला सव्वा मीटर यायला सुमारे ३.७ मिलिसेकंद लागतात. फोन ताटलीशेजारी ठेवला तर घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं, बंद मात्र वेळेवर होतं, आणि ९.८ च्या जागी ९.९४ येतं. टिचकी आणि ताटली यांच्यापासून सारख्या अंतरावर, म्हणजे मधल्या उंचीवर फोन धरला की दोन्ही उशीर एकमेकांना मारतात. उलट उत्तर ९.४ च्या आसपास येत असेल तर पट्टी सावकाश सरकते आहे असं समजावं. नट दहा मिलिसेकंद उशिरा सुटला की नेमकं एवढंच बिघडतं.

याच जातीचा दुसरा प्रयोग उसळत्या चेंडूचा. दोन टप्प्यांमधल्या वेळेवरून ॲप प्रत्येक उसळीची उंची काढून देतं. अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल तर साधारण ३०.६ सेंटिमीटर. फरशीवर उत्तम, सतरंजीवर व्यर्थ.

आता त्वरणमापक. ‘ॲक्सिलरेशन विथ जी’ उघडून फोन टेबलावर ठेवला की ९.८ दाखवतो. फोन तर हललेला नाही! तोच फोन जाड गादीवर सोडला की हवेत असताना आकडा शून्याजवळ जातो, म्हणजे खरोखर त्वरण असताना शून्य. आतला सेन्सर टेबलाचा आधार मोजतो, त्वरण नाही, हे आधी सांगितलं नाही तर मुलं उलटंच शिकून बसतात. (फोन पडताना गरगरला तर पुरता शून्य येत नाही, म्हणून आडवा धरून अलगद सोडावा.)

‘विदाउट जी’ प्रकारात गुरुत्व वजा करून मिळतं. त्याचा सर्वांत चांगला वापर लिफ्टमध्ये. फोन लिफ्टच्या जमिनीवर आडवा ठेवायचा आणि झेड अक्षाचा, म्हणजे स्क्रीनला काटकोनातल्या दिशेचा, आलेख बघायचा. वर निघताना एक उंचवटा, मग सपाट शून्य, थांबताना एक खड्डा. लिफ्ट भरधाव वर जात असताना त्वरण शून्य कसं, या एका प्रश्नावर पूर्ण तास घालवला तरी चालेल. त्याहून मजेचं पुढे आहे: खाली येणारी लिफ्ट थांबतानाही आलेखात तसाच उंचवटा येतो. नुसत्या त्वरणावरून दिशा कळत नाही. रोजच्या मराठीत वेग, गती, चाल हे शब्द आपण एकाच पोत्यात भरतो. ते वेगळे का ठेवायचे हे या आलेखावर बोट ठेवून दाखवता येतं. उंचवट्याचं क्षेत्रफळ म्हणजे लिफ्टचा वेग. ०.८ उंचीचा आणि सव्वा सेकंद रुंदीचा चौकोन धरला तर १ मीटर प्रति सेकंद.

इथून पुढे मोह आवरावा. त्वरणावरून वेग, वेगावरून अंतर असं काढत गेलं की सेन्सरची बारीकशी चूक वाढत जाते. ०.०५ इतकी कायमची चूक असेल तर जागेवरचा फोन २० सेकंदांत १० मीटर सरकलेला दिसेल. लिफ्टच्या दोन-तीन सेकंदांपुरतं क्षेत्रफळ ठीक. वर्गभर चालून विस्थापन काढायला हा मार्ग घेऊ नये.

उतारावरच्या गतीसाठी ‘रोल’ आहे. चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात फोन चिंध्यांनी घट्ट बसवायचा, पाइपची बाहेरची त्रिज्या टाकायची, आणि ५ अंशांच्या फळीवरून सोडायचा. वेग-काळ आलेख तिरप्या सरळ रेषेसारखा येतो. फोन मधोमध नसेल तर त्या रेषेला लाटा येतात. जड बाजू कधी ओढते, कधी अडते. आणि घसरणाऱ्या वस्तूचं ०.८५ त्वरण इथे मिळणार नाही. पोकळ पाइपला त्याच्या निम्मं मिळतं, आत फोन असल्यामुळे किंचित जास्त. गणित चुकलेलं नाही, घरंगळताना फिरण्यातही ऊर्जा जाते.

जीपीएसचा भाग बसच्या प्रवासाला बरा, मैदानाच्या फेरीला जेमतेम. काही मीटरची चूक तिथे डोळ्यात भरते.

वर्गासाठी खरी सोय ‘रिमोट ॲक्सेस’ची. तीन टिंबांच्या मेनूतून ते चालू केलं की एक पत्ता दिसतो. तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकला की आलेख प्रोजेक्टरवर. दोन्ही यंत्रं एका वायफायवर हवीत. फोनचा हॉटस्पॉट पुरतो, इंटरनेट नसलं तरी चालतं. पाइपमध्ये कोंबलेल्या फोनला हात लावायची गरज उरत नाही.

तरी सरकत्या कागदी फितीवर ठराविक वेळेने ठिपके उमटवणारा जुना टिकर टायमर अडगळीत टाकू नये. सेकंदाला ५० ठिपके, दोन ठिपक्यांत ०.०२ सेकंद, आणि फीत कापून शेजारी शेजारी चिकटवली की मुलं आलेख स्वतः बनवतात. फायफॉक्समध्ये तो आयता मिळतो, ही त्याची सोयही आणि उणीवही.

फोन निवडताना आधी ॲप टाकून यादी बघावी. जो सेन्सर नाही त्याचे प्रयोग फिकट दिसतात. स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, बहुधा गायब असतो, मग ‘रोल’ नाही. वायुदाबमापक तर त्याहून दुर्मीळ, म्हणून लिफ्टची उंची दाखवणारा ‘एलिव्हेटर’ प्रयोग बऱ्याच फोनवर अपुरा चालतो. माइक मात्र प्रत्येक फोनला असतो, काच फुटलेल्या जुन्या फोनलाही.