युझू: एक हंगाम वापरल्यावर (बियांची तक्रार कायम)

युझू म्हणजे जपानमधलं लिंबाच्या जातीचं आंबट, सुवासिक फळ. टोक्योत राहणाऱ्यांना हे सांगायला नको, म्हणून थेट मुद्द्यावर येते: बिया! खडबडीत सालीचं पिवळंधमक फळ बघून वाटतं, भरपूर रस निघेल. कापलं की आत टपोऱ्या बिया एकमेकींना खेटून बसलेल्या. पिळल्यावर जेमतेम चमचाभर रस, आणि एखादी बी टुपकन पोह्यांत. एवढ्या पैशांत लिंबं किती आली असती, हा हिशोब मला सुटत नाही.

डिसेंबरात शेजारच्या आजींनी सूप दिलं. वाटीचं झाकण उघडलं आणि वासानेच गप्प झाले. वर तरंगत होती युझूच्या सालीची नखाएवढी चकती. बस्स. तेव्हापासून साल आधी काढून फ्रीझरमध्ये टाकते, रसाचं नंतर बघू. फक्त पिवळा भाग घ्यायचा, पांढरा कडू लागतो. वरणावर किसायची तर गॅस बंद केल्यावरच. उकळलं की वास गेला.

युझू-कोशो म्हणजे जपानच्या क्यूशू बेटाचा ठेचाच: हिरव्या युझूची साल, हिरवी मिरची, मीठ. थालीपिठाबरोबर झकास, पण खारट असतं, बेतानं घ्या. बाटली एवढीशी आणि किंमत बघवत नाही, ते सोडा.

हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी इथे आंघोळीच्या गरम पाण्यात अख्खी फळं सोडतात. माझा जीव होईना. पिळून उरलेल्या साली फडक्यात बांधून टाकल्या. वास तोच! नाजूक कातडी असेल तर जपून, अंगाला चुणचुणतं.

बियांवरचा राग मार्मालेडने थोडा उतरवला. बियांत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, भरपूर. पाण्यात भिजवल्या की बुळबुळीत होतात, त्याच पाण्याने मार्मालेड छान घट्ट झालं. उरलेल्या बिया कुंडीत लावणार होते, पण बीपासून फळ धरायला 18 वर्षं लागतात अशी इथे म्हणच आहे. बागायतदार काराताचीच्या (लिंबाच्याच कुळातलं एक काटेरी झाड) खुंटावर कलम करतात, मग तीन-चार वर्षांत फळ येतं. भाड्याच्या घरात तेवढी तरी खात्री कुठली?

शेवटी 'तादानिशिकी' ही जवळजवळ बिनबियांची जात मिळाली. रस बरा निघाला, बी एकही नाही. पण वास फिकाच वाटला हो! पुढच्या हंगामात पुन्हा बियांचंच आणणार, गाळणी हाताशी ठेवून. पोह्यांवर मात्र लिंबूच पिळेन, ते परवडतं.