पिवळे कॅपॅसिटर, साडेअठरा हजार

व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) गिटार अँप कुणाकडे 'अपग्रेड'ला देणार असाल तर आधी हे वाचा.

माझा अँप साठच्या दशकातल्या मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या अँपच्या सर्किटवर बांधलेला. त्या मार्शलमध्ये मलार्ड कंपनीचे मोहरीच्या रंगाचे, म्हणजे 'मस्टर्ड', कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे पार्ट) असत, म्हणून आज त्यांना वाट्टेल तो भाव मिळतो. एका कारागिराने 'ओरिजिनल मस्टर्ड टाकून देतो' म्हणत साडेअठरा हजार घेतले. दुकानात वाजवून दाखवलं. आवाज खरंच भरदार झाला होता. 'हाच तो व्हिंटेज टोन,' म्हणे!

बँडबरोबर व्हॉल्यूम चढवला, तर जाड तारांचा नुसता चिखल. शेवटी अँप उघडला. (स्विच बंद केला तरी फिल्टर कॅपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. ते उतरवता येत नसतील तर आत हात घालू नका.) पिवळ्या कॅपॅसिटरवर नख ओढलं तसा रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली आजकालच्या मालाची छपाई. साधा, स्वस्तातला पॉलिस्टर फिल्मचा कॅपॅसिटर! गंमत म्हणजे अस्सल मस्टर्डही पॉलिस्टरच असतात. व्हॅल्यू (किती मायक्रोफॅरडचा ते) तीच असेल तर माझ्या कानाला तरी फरक कळणार नाही.

मग आवाज बदलला कशाने? पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडपाशी (व्हॉल्व्हच्या एका टोकापाशी) सोल्डरचा ताजा डाग दिसला. तिथे 2.7 किलोओहमच्या रेझिस्टरला जोडून 0.68 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. तो मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे वरच्या सुरांना पूर्ण गेन (आवाजाची वाढ) मिळतो आणि खालच्यांना कमी. पठ्ठ्याने तो काढून 25 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक (मोठ्या क्षमतेचा कॅपॅसिटर) ठोकला होता, म्हणजे खालच्या सुरांनाही पूर्ण गेन. गिटारची जाड ई तार 82 हर्ट्झची. तिथे या एका बदलाने त्या स्टेजचा गेन जवळपास दुप्पट होतो. दुकानात हळू वाजवताना तेच भरदार वाटतं. काही रुपयांच्या पार्टवर साडेअठरा हजारांचा टोन विकला.

जुने पार्ट मागितले तर 'कचऱ्यात गेले'. तुम्ही अँप देताना बोर्डाचा फोटो त्याच्यासमोरच काढा, बिलावर कुठला पार्ट कुठल्या व्हॅल्यूचा हे लिहून घ्या, काढलेला माल परत मागा. कुरकुर केली तर अँप उचलून घरी या.

तो कारागीर फोनवर मला म्हणतो, 'दुकानात आवाज आवडला होता की तुम्हाला!' पैसे अजून परत आलेले नाहीत. पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक पार्टचा बाजार) 0.68 चा कॅपॅसिटर आणून मीच लावला. रंगवलेले पिवळे मात्र तसेच ठेवलेत. मीटरवर बरोबर 0.022 मायक्रोफॅरड दाखवतात.