अन्नजाळ्याचा कार्ड सेट: दोऱ्याची आयडिया भारी, प्राणी आपले आपण बनवा

मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. दिवाळीच्या सुट्टीत हा सेट ऑनलाइन मागवला, ८९९ ला पडला. आत ६० कार्डं, जंगल, वाळवंट, समुद्र, गवताळ भाग आणि बर्फ असे पाच कापडी पट, लोकरीच्या गुंड्या आणि लाकडी चिमटे. आम्ही जळगाव जिल्ह्यातले, घरची शेती आहे. दोन महिने वापरून झालाय म्हणून आता लिहितेय.

आधी चांगलं सांगते. दोऱ्याची आयडिया एक नंबर आहे. कार्डाला चिमटा लावायचा, कोण कोणाला खातं तशी लोकर ओढत न्यायची, सगळं जोडून झालं की एक कार्ड उचलायचं आणि कुठले दोरे सैल पडले ते बघायचं. शाळेत अन्नसाखळी एका ओळीत असते, गवत नाकतोडा बेडूक साप घार, पोरं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, इथे एकाच उंदरापासून चार दोरे चार दिशांना गेलेले दिसले की अन्नजाळं म्हणजे काय ते वेगळं सांगावंच लागत नाही.

पण दोन दिवसांत मुलांचं मन उडालं. सगळे प्राणी परदेशातले. मुलगा विचारायचा हा कुठे राहतो, मी म्हणायचे अमेरिकेत, विषय संपला. त्यात बर्फाच्या पटावर पेंग्विन आणि पांढरं अस्वल शेजारी शेजारी छापलंय! पांढरं अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिणेकडचे, त्यांची जन्मात गाठ पडत नाही, आणि मुलं साहजिकच दोघांत दोरा लावतात. अधिवास शिकवायला घेतलेल्या वस्तूत ही चूक नको होती. मराठी पुस्तिका तर वाचवत नाही, उत्पादकाला (म्हणजे स्वतःचं अन्न बनवणाऱ्या वनस्पतींना) निर्माता आणि अन्नजाळ्याला अन्न वेब लिहिलंय. दोन पानांवर बाणही उलटे आहेत, बाण खाल्लं जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जायला पाहिजे कारण ऊर्जा तिकडे जाते, मुलीनेच ते पकडलं. कंपनीला मेल केला, उत्तर नाही.

सेट कपाटातच गेला असता, पण मळ्यात गेलो तेव्हा सोबत नेला होता. सासरे, म्हणजे मुलांचे आबा, खाटेवर बसून बघत होते, म्हणाले, "उंदीरले कोन खास, ते सांग मंग." (उंदराला कोण खातं, ते सांग मग.) मग जुन्या लग्नपत्रिका कापून आमची कार्डं बनवली. समोर दादर (रब्बी ज्वारी) उभी होती म्हणून पहिलं कार्ड दादरचं, मग उंदीर, धामण, मुंगूस, गव्हाणी घुबड, नाकतोडा, बगळा, रोही (नीलगाय), मोर, आणि खाली वाळवी, गांडूळ, बुरशी. हे विघटक, म्हणजे मेलेलं कुजवून मातीत मिसळणारे, मूळ सेटमध्ये जवळपास नाहीतच, फक्त एक बॅक्टेरियाचं कार्ड आहे.

मुलाने धामणीचं कार्ड उचललं आणि उंदराकडून आलेला दोरा सटकन खाली लोंबला. तो बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, आबा, मग उंदरं दादर खातील ना. आमच्या बांधावर मागच्या वर्षी एक धामण मारली होती, बिनविषारी आहे हे माहीत असून लोक मारतात. आबा काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले, गिधाडाचं पण कार्ड कर. त्यांच्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडं उतरायची. मग मी मुलांना सांगितलं की गुरांना द्यायचं डायक्लोफेनॅक नावाचं औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या, २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. गिधाडाचं कार्ड काढलं की मेलेल्या ढोराचा दोरा कुत्र्यांकडे वळवावा लागतो, हे मुलीने स्वतः करून बघितलं.

नंतर थंडीत तापीवरच्या हतनूर धरणावर गेलो, तिथे चक्रवाक बदकं दिसली. मुलगी विचारते कार्ड कुठल्या पटावर ठेवू, लडाखच्या का तापीच्या? उन्हाळ्यात तिकडे अंडी घालतात, थंडीत आपल्याकडे येतात, म्हणजे घरं दोन. सेटमध्ये प्रत्येक प्राण्याला एकच पट दिलाय, आम्ही त्या कार्डाला लांब दोरा बांधून दोन्हीकडे जोडलं.

तर घ्यायचा का? ऑफरमध्ये ४००-५०० ला मिळाला तर चिमटे आणि पटांसाठी घ्या, पटाची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर आपलं शिवार काढता येतं. पूर्ण किमतीला घेऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नका, चिमटे बोटाला लागतात.

सध्या मुलगी मागच्या बाजूवर आमची विहीर काढतेय. कपारीत पारवे, पाण्यात बेडूक आणि पाणदिवड, वरच्या बाभळीवर सुगरणीची घरटी, एवढं झालंय, आणि वटवाघळं दिवसा कुठे बसतात ते बघायला तिला रविवारी परत मळ्यात जायचंय.