पाठाची चाचणी: एकाच्या शेजारी बसून घ्यावी की गटाला एकत्र बसवून?

कामाच्या ठिकाणी वापरायच्या सॉफ्टवेअरचा पाठ तयार झाला, स्क्रीनची चित्रे जोडली गेली, सरावाची उदाहरणे ठरली, की तो सर्वांसमोर नेण्यापूर्वी दुरुस्त करून घेण्यासाठी प्रशिक्षकाच्या हाती फार तर दोन-तीन दिवस उरतात. ते दिवस कसे वापरावेत, हा या लेखाचा विषय आहे. पाठ तपासण्याचे दोन मार्ग बहुतेकांच्या विचारात असतात. पहिल्यात एकेका कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून तो पाठ कसा वापरतो हे पाहिले जाते, तर दुसऱ्यात आठ-दहा जणांच्या गटाला प्रशिक्षण कक्षात बसवून पाठाची रंगीत तालीम घेतली जाते. मी दोन्ही मार्गांनी काम केले आहे. माझा अनुभव मुख्यतः चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या स्टोअर विभागातला, म्हणजे सॅप या व्यवसाय-व्यवहार नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माल-आवक नोंदवण्याचा, ज्याला स्टोअरमधली मंडळी त्या स्क्रीनच्या MIGO या नावावरून नुसते ‘मिगो करणे’ म्हणतात, त्या पाठाचा आहे. रुग्णालयातील किंवा बँकेतील सॉफ्टवेअरला तो जसाच्या तसा लागू होईल असा माझा दावा नाही.

पाठ घडत असतानाच सुधारण्यासाठी केलेल्या अशा तपासणीला ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणतात. हा शब्द महाराष्ट्रातील पालकांना मुलांच्या प्रगतिपुस्तकावरून परिचित आहे, आणि त्यामुळेच येथे थोडी गफलत होते. शाळेत आकारिक मूल्यमापन विद्यार्थ्याचे होते. आपल्या कामात ते पाठाचे व्हायला हवे. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये आकारिक आणि संकलित (म्हणजे शेवटी निकाल देणारे) असा भेद मांडला, तोही अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासंदर्भातच, म्हणजे आपण करतो तो अर्थ मुळाला धरूनच आहे. ही गोष्ट चाचणीला बसणाऱ्या कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच, स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. तसे न केल्यास तो स्वतःची परीक्षा आहे असे समजतो आणि अडचण लपवू लागतो.

तज्ज्ञाकडून पाठ वाचून घेणे हा तिसरा मार्ग मी येथे बाजूला ठेवतो. तो दोन्ही पद्धतींच्या आधी करायचाच असतो. टी-कोड, म्हणजे स्क्रीन उघडण्याचा संकेत, चुकला आहे का, मालाच्या हालचालीचा प्रकार सांगणारा आकडा १०१ (नेहमीची आवक) च्या जागी १०३ (रोखून ठेवलेल्या साठ्यातली आवक) पडला आहे का, हे तज्ज्ञ अचूक सांगतो. नवख्या माणसाला कोणते वाक्य कळणार नाही, हे मात्र त्याला सांगता येत नाही, कारण ते न कळण्याचा काळ तो केव्हाच मागे सोडून आलेला असतो.

सुरुवातीला माझा कल गटाच्या बाजूने होता, आणि त्याला कारणे होती. एका दुपारीत दहा जणांचा प्रतिसाद मिळतो. पाठाला एकूण किती वेळ लागतो, मध्ये विश्रांती कोठे द्यावी, प्रोजेक्टरवरची अक्षरे मागच्या रांगेतून दिसतात का, हे गटाशिवाय कळत नाही. पाठापूर्वीची आणि पाठानंतरची चाचणी घेता येते, आणि व्यवस्थापनासमोर ठेवायला आकडे मिळतात. पद्धतशीर पाठरचनेच्या अभ्यासकांनीही गटाच्या चाचणीला तिची जागा दिली आहे. आधी एकेकटा, मग साधारण आठ ते वीस जणांचा गट, शेवटी प्रत्यक्ष ठिकाणी चाचणी, असा क्रम डिक आणि केरी यांच्या मांडणीत आहे. वेळ कमी असल्याने मी त्यातील पहिली पायरी वगळून थेट दुसरीवर गेलो.

ज्या एका अडचणीने माझे मत बदलले ती शेजाऱ्याच्या मदतीची. गटात दहा संगणकांवर दहा जण बसलेले असतात. एखादा अडतो, तेव्हा तो प्रशिक्षकाला हाक मारत नाही. मान किंचित वळवून शेजाऱ्याला विचारतो, आणि शेजारी सद्भावनेने स्वतःचा हात पुढे करून त्याच्या माउसवर क्लिक करतो. हे सगळे चार-पाच सेकंदांत घडते. प्रशिक्षक तेव्हा तिसऱ्या रांगेत असतो. अडचण आली आणि सुटली, पण ती कोणत्या पायरीवर आली याची नोंद कोठेही झाली नाही. आपल्याकडे शेजाऱ्याला अडलेले पाहून गप्प बसणे कोणालाच जमत नाही, आणि जमावे असेही मला वाटत नाही. कामाच्या जागी ही सवय मोलाचीच आहे. फक्त पाठाची चाचणी करताना तीच सवय पाठातले दोष झाकते.

माझ्या बाबतीत झाकले गेले ते एका चौकोनातल्या खुणेचे प्रकरण. मिगोमध्ये प्रत्येक ओळीच्या तपशिलात ‘आयटम ओके’ असा चौकोन असतो आणि त्यात खूण केल्याशिवाय ती ओळ नोंदवली जात नाही. माझ्या पाठातील खरेदी ऑर्डर एकाच ओळीची होती, त्यामुळे खूण राहिली की नोंदच होत नसे, आणि शेजारी लगेच ती करून देत असे. दहाही जणांनी नोंद पूर्ण केली. मी त्यावर समाधान मानले. पाठ स्टोअरमध्ये गेला आणि प्रत्यक्ष चलाने आली ती दोन-तीन ओळींची. काही जणांनी पहिल्या ओळीवर खूण करून नोंद पोस्ट केली. ५० ने सुरू होणारा दस्तऐवज क्रमांक खाली उमटला, तो त्यांनी नेहमीप्रमाणे चलानावर लिहून ठेवला, आणि सगळा माल जमा झाला असे समजून ते पुढच्या गाडीकडे वळले. उरलेल्या ओळी तशाच राहिल्या. पुरवठादाराचे बिल लेखा विभागात आले तेव्हा आवक आणि बिल जुळेना, आणि तो दोष नोंदणाऱ्यांच्या माथी आला. तो त्यांचा नव्हता. एका ओळीचे उदाहरण मी निवडले होते, आणि गटाच्या चाचणीने मला ते दाखवले नव्हते.

गटानंतर भरून घेतलेले प्रतिसादपत्रकही येथे उपयोगी पडले नाही. पाच गुणांच्या पट्टीवर बहुतेकांनी चार किंवा पाच दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘छान माहिती मिळाली’ असे लिहिले. ते त्यांनी मनापासून लिहिले होते याबद्दल मला शंका नाही. मात्र पाठ आवडला का आणि पाठाने काम करता येऊ लागले का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्यांतही प्रतिक्रिया आणि शिकणे या दोन स्वतंत्र पातळ्या मानल्या आहेत.

त्यानंतरचा पाठ मी शेजारी बसून तपासला. तीन जण निवडले: एक संगणकाला सरावलेला तरुण, एक मधल्या अनुभवाची कर्मचारी आणि एक वीस-बावीस वर्षे रजिस्टरवर काम केलेले, निवृत्तीला आलेले स्टोअरकीपर, ज्यांना सगळे काका म्हणतात. पाठ त्यांच्या हाती दिला आणि मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहण्याची विनंती केली. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट आहे. ‘तुम्ही हे का केले?’ असे मध्येच विचारू नये. मनात येणारे विचार नुसते बोलून दाखवण्याने विचारांचा मार्ग फारसा बदलत नाही, पण कारण द्यायला लावले की बदलू शकतो, असे विचारप्रक्रियेचे अभ्यासक एरिक्सन आणि सायमन यांनी १९८० च्या दशकात मांडले होते, आणि माझा अनुभव त्याला दुजोरा देतो. ‘बोलत राहा’ एवढेच म्हणावे, आणि तेही कमीत कमी वेळा.

काका दस्तऐवजाची तारीख आणि पोस्टिंगची तारीख या दोन चौकोनांवर येऊन थांबले आणि म्हणाले, “साहेब, गाडी रात्री साडेअकराला गेटवर आली, चलान त्याच्या आदल्या दिवशीचं आहे, आणि मी नोंद सकाळी करतोय. मग यातली कुठली तारीख कुठं घालायची?” महिनाअखेरीला हा प्रश्न थेट हिशेबाच्या कालावधीशी जाऊन भिडतो, आणि माझ्या पाठात त्यावर एक ओळही नव्हती, मी उदाहरणात दोन्ही ठिकाणी आजची तारीख दाखवून पुढे गेलो होतो. गटात हा प्रश्न आला असता असे मला वाटत नाही. आला असता तरी शेजाऱ्याने ‘आजचीच राहू दे’ म्हणून तो मिटवला असता.

या पद्धतीचा दुसरा लाभ असा की दोन माणसांच्या मध्ये पाठ दुरुस्त करता येतो. काकांच्या नंतर मी तारखांचा परिच्छेद लिहिला, उदाहरणाची ऑर्डर तीन ओळींची केली, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या अनुभवाच्या कर्मचारी सुधारलेल्या पाठावर अडखळतात का ते पाहिले. गटात दहाही जण एकाच सदोष पानावर एकाच वेळी अडतात, आणि त्यांपैकी नऊ जणांच्या अडण्यातून नवे काहीच हाती लागत नाही.

सरावाच्या माहितीची तयारीही तुलनेत धरावी. प्रशिक्षणाच्या सर्व्हरवरील खरेदी ऑर्डर एकदा पूर्ण जमा झाली की सरावासाठी संपते. ती पुन्हा वापरायची तर १०२ या हालचाल प्रकाराने आधीची नोंद उलटवावी लागते. गटासाठी प्रत्येकाला स्वतंत्र, दोन-तीन ऑर्डर आधीच तयार ठेवाव्या लागतात. दोघांनी चुकून एकच ऑर्डर उघडली तर दुसऱ्याला ती कुलूपबंद असल्याचा संदेश येतो, आणि पाठाशी संबंध नसलेल्या गोंधळात दहा मिनिटे जातात. तिघांसाठी मला एकूण सहा ऑर्डर पुरल्या.

शेजारी बसण्याच्या पद्धतीतील उणिवा मी कमी लेखत नाही. तीन माणसांवरून सर्व पाळ्यांबद्दल अनुमान काढणे धोक्याचे आहे, विशेषतः निवड विभागप्रमुखांवर सोडली आणि त्यांनी तिघेही हुशार पाठवले तर. पाच वापरकर्त्यांत बहुतेक अडचणी सापडतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या नावाने सांगितले जाणारे सूत्र स्क्रीनच्या वापरसुलभतेविषयी आहे. पाठाला ते बेतानेच लावावे. साहेब शेजारी बसले की माणूस गप्प होतो, ही अडचणही खरी आहे. पहिली पंधरा मिनिटे काकाही जवळजवळ काहीच बोलले नव्हते. त्यांच्याच टेबलापाशी, त्यांच्याच जुन्या चलानांची थप्पी मध्ये ठेवून बसल्यावर ते बोलू लागले. सगळ्यांत कठीण आहे ते स्वतःचा हात आवरणे. कर्मचारी चुकीच्या चौकोनाकडे जात असताना प्रशिक्षकाची जीभ सळसळते, आणि एक सूचना दिली की त्या पायरीची चाचणी तेथेच संपते. मी आता दोन्ही हातांनी वही धरून बसतो आणि त्यात केवळ तीन गोष्टी टिपतो: कोणत्या पायरीवर थांबले, काय म्हणाले, आणि स्वतःहून पुढे गेले की पाठात मागे जाऊन पाहिले.

तुमचा पाठ ठरलेल्या वेळेत वर्गात घेण्याचा असेल, शिकणारे एकाच पाळीत भेटत असतील, किंवा मंजुरीसाठी वरिष्ठांना आकडेवारी लागणारच असेल, तर गटाची चाचणी टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. कर्मचारी वेगवेगळ्या शहरांत असतील तर स्क्रीन शेअर करून एकेकट्याची चाचणी घेता येते, मात्र त्यात टेबलावरचे चलान आणि त्यावर फिरणारे बोट दिसत नाही, आणि आवकेच्या कामात निम्मी अडचण त्या कागदावरच असते. परंतु पाठ नवा असेल, कर्मचारी तो नंतर एकट्याने, रात्रपाळीत, विचारायला कोणी नसताना उघडणार असेल, आणि तुमच्याकडे दोनच दिवस असतील, तर ते दोन दिवस मी तरी शेजारच्या खुर्चीला देईन.

पुरवठादाराला माल परत पाठवण्याच्या, म्हणजे १२२ या हालचाल प्रकाराच्या पाठाचे नियोजन सध्या माझ्यापुढे आहे. सोमवारी पहिल्या पाळीत काका, मंगळवारी सकाळी दुरुस्ती, दुपारी दुसऱ्या पाळीतील कर्मचारी, बुधवारी तिसरा. गटाची चाचणी त्यानंतरच्या आठवड्यात ठेवली आहे, आणि त्या दिवशी कक्षातील एक आड एक संगणक बंद ठेवण्याची विनंती मी केली आहे. परतीच्या कारणाच्या रकान्यात काय लिहायचे यावर काका अडतील असा माझा अंदाज आहे. तो परिच्छेद मी अजून पक्का केलेला नाही.