दहा वर्षांची सियाझ डिझेल: खरेदीनंतरचा हिशेब

दीड वर्षापूर्वी मी २०१५ च्या सुरुवातीची, ९२,००० किलोमीटर चाललेली मारुती सुझुकी सियाझ डिझेल चार लाख दहा हजार रुपयांना घेतली. परभणीहून छत्रपती संभाजीनगरला महिन्यातून तीन वेळा जाऊन यावे लागते, सोबत वयस्कर आईवडील असतात, त्यामुळे मागच्या सीटवर पाय मोकळे सोडता यावेत आणि सामानाला जागा असावी, एवढ्या दोनच अटी होत्या. २,६५० मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) आणि ५१० लिटरची डिकी असलेली ही सेडान त्या अटी आजही चोख पुरी करते. तेव्हा या परीक्षणात गाडीच्या आरामाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. लिहायचे आहे ते किमतीच्या पलीकडे जो पैसा जातो त्याविषयी, कारण विकणारा तो कधी सांगत नाही आणि घेणारा सहसा विचारत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत माझे ६९,००० रुपये गेले, म्हणजे खरेदीच्या किमतीच्या सुमारे सतरा टक्के. चार टायर २१,६००, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मजुरीसह १२,४००, कूलिंगचे काम ११,५००, पुढच्या सस्पेन्शनचे ९,८००, बॅटरी ६,२०० आणि सगळी ऑइल व फिल्टर मिळून ७,५००. यातले टायर आणि बॅटरी मी आधीच गृहीत धरले होते. टायरची नक्षी शाबूत दिसत होती, पण बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतून उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष कळते, आणि त्यानुसार टायर सात वर्षांचे निघाले. मराठवाड्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर चालण्याने झिजण्याआधीच वाळते, त्यामुळे नक्षीपेक्षा ते आकडे पाहावेत.

कूलिंगचा खर्च मात्र मला धक्का देऊन गेला. गाडी घेतल्यावर दुसऱ्या आठवड्यात जालन्याच्या अलीकडे तापमानाचा दिवा लागला. ती सावकाश आणून मिस्त्रींकडे लावली आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडले, तेव्हा आत इंजिन थंड ठेवणारे हिरवे किंवा निळे कूलंट असण्याऐवजी विटकरी रंगाचे पाणी होते आणि झाकणाच्या आतल्या कडेला चुन्यासारखा पांढरा थर बसलेला होता. त्यांनी तो नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "सर, हे बोरचं पाणी हाय. कितीतरी वर्षं हेच टाकलंय." आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, तापल्यावर ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, आणि कूलंटमधले गंजरोधक द्रव्य नसल्याने वॉटर पंपही आतून गंजतो. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट आणि दोन होज बदलावे लागले. घेण्यापूर्वी गार इंजिनावर ते झाकण उघडून पाहिले असते, तर निदान दहा हजार रुपये किमतीतून उतरवून घेता आले असते. ज्या विक्रेत्याने "कंप्लीट सर्व्हिस रेकॉर्ड" असल्याचे शपथेवर सांगितले होते, त्याने दिलेली नोंद ६१,००० किलोमीटरवर संपत होती. ते पुस्तक मी चाळले होते, शेवटच्या पानापर्यंत गेलो नव्हतो, हा माझाच आळस.

सस्पेन्शनचा दोष मी गाडीला देणार नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे तिच्यावरून गेलेला डांबरी रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा होतो, आणि त्या लाटांवरून ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या कोणत्याही सेडानच्या, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मची रबरी बुशे आणि लिंक रॉड लवकर सैल होतात. गतिरोधकावरून सावकाश उतरताना पुढून "खट्" असा आवाज आला, तर हे काम निघाले असे समजावे. याच भागात वापरलेली जुनी गाडी घेताना ते धरूनच चालावे; समृद्धी महामार्गावर धावलेली आणि तालुक्याच्या रस्त्यावर धावलेली गाडी यांचे किलोमीटर सारखे असले तरी हाडे सारखी नसतात.

त्यानंतरच्या बारा महिन्यांत, १५,००० किलोमीटरमध्ये, खर्च एकदम खाली आला. दोन सर्व्हिसिंगचे ११,०००, एसीची साफसफाई आणि गॅसचे ३,२००, पुढच्या ब्रेक पॅडचे २,३००, असे मिळून १६,५०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे एक रुपया दहा पैसे. आधीच्या मालकाने पुढे ढकललेली सगळी कामे नव्या मालकाच्या पहिल्या सहा महिन्यांत वसूल होतात, असे माझे मत झाले आहे. म्हणून किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करावा, आणि ती नसेल तर त्या हिशेबाने एक पायरी स्वस्त गाडी पाहावी.

खर्च आटोक्यात राहण्याचे मोठे कारण इंजिन आहे. १,२४८ सीसीचे, मूळ फियाटचे हे मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, ब्रेझा अशा अनेक गाड्यांत होते, त्यामुळे मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या असल्या तरी त्याचे सुटे भाग परभणीच्या दुकानांत मिळतात. नाहीच मिळाले तर नांदेडहून दुसऱ्या दिवशी येतात. ते उघडायला घाबरत नाही असा मिस्त्रीही बहुतेक तालुक्यांत सापडतो. बाहेरच्या भागांचे तसे नाही. हेडलाइट, बंपर, दरवाजे फक्त सियाझचेच लागतात आणि २०२५ मध्ये सियाझचे उत्पादनच थांबले आहे, त्यामुळे ठोकलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

पेट्रोल की डिझेल, हा प्रश्न परभणीकरांना जरा जास्तच जवळचा आहे, कारण मनमाडच्या इंधन डेपोपासूनच्या अंतरामुळे इथले इंधन राज्यातल्या महागड्या दरांत मोडते. लिटरला डिझेल सुमारे ९३ आणि पेट्रोल सुमारे १०७ रुपये धरले, तर मला मिळणाऱ्या वीसच्या सरासरीने किलोमीटरला चार रुपये पासष्ट पैसे पडतात, १.४ लिटर पेट्रोल सियाझने पंधराची सरासरी दिली तर सात रुपयांच्या वर जातात. कंपनीचा २६.२१ चा आकडा चाचणीतला आहे, तो विसरावा. बावीस हजार किलोमीटरमध्ये माझे यातून सुमारे पंचावन्न हजार वाचले. पण ज्यांची गाडी महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटरच फिरते त्यांनी पेट्रोलच घ्यावी, कारण डिझेलचा एक इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला तर तेवढी बचत एका बिलात जाते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली गेल्याने तिकडच्या गाड्या इकडे फार स्वस्त दिसतात, परंतु ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा रस्ताकर आणि नवी नोंदणी यांचा खर्च मिळवला की तो स्वस्तपणा पुष्कळसा विरघळतो. मला तरी एमएच-२० ते एमएच-२६, म्हणजे मराठवाड्यातल्याच नोंदणीची गाडी बरी वाटली. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता त्याने दाखवलेल्या पावतीपेक्षा वाढतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे माझी २०३० मध्ये संपेल. पुढे पाच हजारांचे नूतनीकरण शुल्क, फिटनेस आणि पर्यावरण कर आहेच.

एक तपासणी मात्र कोणीही चुकवू नये. या इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखायला पट्ट्याऐवजी साखळी, म्हणजे टायमिंग चेन असते, आणि ऑइल वेळेवर न बदलल्यास ती सैल होते. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर विकणाऱ्याने आवाज लपवण्यासाठी आधीच इंजिन तापवले आहे असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. गार इंजिन सुरू होताच पहिले दोन-तीन सेकंद साखळी घासल्यासारखा खरखराट आला, तर ते काम धरावे. माझ्या गाडीत तो आवाज गेल्या महिन्यापासून, १,१४,००० किलोमीटरवर, अधूनमधून ऐकू येऊ लागला आहे. मिस्त्रींनी किटसह सोळा हजारांचा अंदाज दिला असून, दिवाळीच्या सुट्टीत गाडी त्यांच्याकडे सोडायची ठरवली आहे.