गवत, पट्टे आणि आकाश: व्हिडिओ लहान करताना कोणता फिल्टर ठेवायचा?

नागपुरात व्हिडिओचं काम करणाऱ्याकडे वर्षभरात नाना तऱ्हेचं फुटेज जमतं. पेंच-ताडोब्याची पहाटेची सफारी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, दीक्षाभूमीच्या घुमटामागचं मावळतीचं आकाश, आणि लग्नं तर असतातच. फाइल लहान करायची वेळ आली की या सगळ्याला एकच प्रीसेट लावला जातो. तसं करू नका. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीच्या, आत बसलेले फिल्टर काय पुसतात आणि काय राखतात हे आधी पाहा, मग निवड करा.

कोडेक चित्राचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकातला तपशील घटवतो. बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला मिळणारा डेटा) कमी पडला की चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. फिल्टर त्या कडा मिटवतो, आणि ही साफ केलेली फ्रेमच पुढच्या फ्रेमसाठी आधार म्हणून वापरली जाते. आधार चांगला असेल तर पुढचा फरक थोडक्यात सांगता येतो. बिट वाचतात ते इथे. पण पुसलेली गवताची पातही तशीच पुढे जाते.

एच.२६४ (२००३) या कोडेकमध्ये फक्त डिब्लॉकिंग, म्हणजे चौकोनांच्या कडा मिटवणारा फिल्टर, आहे. प्रत्येक कडेला ० ते ४ अशी तीव्रता ठरते. कडेच्या दोन्ही बाजूंतला फरक फार मोठा असेल तर ती चित्रातलीच खरी रेघ समजून तिला हात लावला जात नाही. एक्स२६४ या त्याच्या एन्कोडरमध्ये (फाइल दाबणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) याचे दोन आकडे बदलता येतात: चित्रपटासारख्या फुटेजसाठी उणे १ (हलका फिल्टर), ॲनिमेशनसाठी अधिक १ (जोरदार). लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर द्यायचा असेल तर मी आजही हाच कोडेक घेईन. घरचा टीव्ही किती जुना आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

एचईव्हीसी (२०१३) मध्ये डिब्लॉकिंग हलकं झालं आणि एसएओ नावाचा दुसरा फिल्टर आला. तो पिक्सेलची चारपैकी एका दिशेतल्या दोन शेजाऱ्यांशी तुलना करतो आणि खड्डा-उंचवटा असेल तर ठरावीक भर घालतो किंवा काढतो. नाहीतर उजेडाचे ३२ पट्टे करून त्यांतल्या सलग चारांची दुरुस्ती करतो. फलकावरची अक्षरं, बॅनर, पत्रिकेचं शीर्षक यांच्याभोवतीची थरथर यानं छान बसते, तेव्हा मिरवणुकीला तो चालू ठेवा. जंगलात मात्र कमी बिटरेटवर तो वाळलेल्या गवताचा पोत मऊ करून टाकतो. एक्स२६५ या एचईव्हीसीच्या एन्कोडरमध्ये तो बंद करण्याची सोय आहे, सफारीसाठी ती जरूर वापरून पाहा. पेटंटचे हक्क अनेक गटांत विखुरल्यामुळे ब्राउझरमध्ये हा कोडेक रेंगाळला, हेही लक्षात असू द्या.

एव्ही१ (२०१८) हा माझ्या मते सध्या वेबसाइटसाठी आणि जंगलाच्या फुटेजसाठी सर्वांत विचारपूर्वक घडवलेला पर्याय. डिब्लॉकिंगनंतर सीडीईएफ येतो. तो ८×८ च्या प्रत्येक तुकड्यात रेघ कुठल्या दिशेला धावते हे आठ दिशांतून शोधतो, रेघेच्या लांबीनं साफसफाई करतो आणि रेघ ओलांडताना हात आखडता घेतो. वाघाच्या पट्ट्यांना हीच वागणूक हवी. त्यानंतरच्या रिस्टोरेशनच्या टप्प्यात दोन प्रकारचे फिल्टर आहेत, त्यांतला एक वीनर फिल्टर.

याच कोडेकमध्ये ग्रेनची वेगळी सोय आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) चढवला की येणारी रवाळ गर्दी एन्कोडर काढून टाकतो, तिचं फक्त वर्णन पाठवतो, आणि पाहणाऱ्याच्या यंत्रावर तसाच रवा नव्यानं तयार होतो. बचत मोठी होते. मात्र रवा काढताना बारीक तपशीलही जाऊ शकतो, आणि वाघाची ओळख पट्ट्यांच्या ठेवणीवरून पटवली जाते. फुटेज नोंदीसाठी किंवा अभ्यासासाठी जाणार असेल तर ही सोय बंद ठेवा आणि कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपा.

व्हीव्हीसी (२०२०) मधला एएलएफ या सगळ्यांत खऱ्या अर्थानं जुळवून घेणारा. तो ४×४ चा प्रत्येक तुकडा रेघांची दिशा आणि तपशिलाची खळबळ पाहून २५ वर्गांपैकी एकात घालतो. प्रत्येक वर्गासाठी लागणारे फिल्टरचे आकडे (गुणांक) एन्कोडर मूळ चित्राशी ताडून काढू शकतो आणि फाइलमधूनच पाठवतो. ही कल्पना एचईव्हीसीच्या वेळीही चर्चेत होती, पण तेव्हा वगळली गेली. तंत्र म्हणून मला हे फार आवडतं, तरी ग्राहकाला आज ही फाइल देऊ नका. ती चालवणारे फोन आणि ब्राउझर अजून फार थोडे आहेत.

आकाशाबद्दल एक वेगळं सांगायला हवं. मावळतीच्या रंगात दिसणाऱ्या पायऱ्या यांतल्या कुठल्याही फिल्टरच्या भरवशावर सोडू नका. तिथे १० बिटमध्ये (रंगाच्या जास्त छटांत) चित्रण आणि एन्कोडिंग हाच उपाय.

तुलना करताना नुसत्या पीएसएनआरच्या (मूळ चित्रापासूनचा फरक मोजणाऱ्या मापाच्या) आकड्यावर जाऊ नका. वीनर पद्धतीचा फिल्टर प्रत्येक पिक्सेलमधल्या चुकीचा वर्ग (चूक गुणिले चूक) सरासरीनं कमी करण्यासाठीच बांधलेला असतो, त्यामुळे आकडा वाढतो आणि गवत तरीही मेणासारखं दिसू शकतं. आपल्याच फुटेजमधला गवताचा, अक्षरांचा आणि आकाशाचा एकेक छोटा तुकडा घ्या, सगळ्या फाइली एकाच आकाराच्या करा, आणि ज्या पडद्यावर ग्राहक पाहणार आहे त्याच पडद्यावर चालत्या चित्रात पाहा. थांबवलेल्या फ्रेममध्ये पोताची चमचम कळत नाही.